पिसाचा गळ आणि जत्रेतलं भिंग

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण नाव न घेता सांगत बसले तर तुम्ही मध्येच विचारणार, हा कोण नि तो कोण, आणि मला बोलताना मध्ये तोडलेलं खपत नाही. म्हणून एकदाच सांगून टाकते. चंदर. माझं नाव चंद्रावती. चंदर-चंद्रावती म्हणून लग्नात सगळ्या वरोर गावाने चेष्टा करून घेतली, तेव्हा तुम्ही परत करायची गरज नाही. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणायचे, पाठीमागे 'तो', आणि राग आला की 'हा माणूस'. आता तो नाही, तेव्हा येईल तसं म्हणते.

तो आधी समुद्रावर जायचा, काळू तांडेलाच्या होडीवर. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी. कुठे जायचं, कधी फिरायचं, सगळं तो ठरवणार. एका वर्षी पावसाळ्याआधी होडी वाळूवर ओढून घेताना आमच्या माणसाचा पाय ओंडक्याखाली आला. हाड जुळलं, पण असं वाकडं जुळलं की हलत्या होडीत उभं राहता येईना. पुरुषाचा समुद्र सुटला की घरात त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं, त्यालाही नाही. दोन महिने तो दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वारा कुठून आहे ते सांगायचा. मी वाणगावच्या बाजारात मासळी विकून परत आले की मलाही सांगायचा. म्हटलं, मी त्याच वाऱ्यातून चालत आलेय, मला काय सांगता.

मग त्याने पिसाचे गळ बांधायला घेतले. ते कसं असतं ते सांगते. लोखंडी गळ घ्यायचा. त्याच्या दांडीला कोंबड्याच्या मानेची लांब पांढरी पिसं लावायची, दोन्ही अंगांना चकचकीत जरीची तार सोडायची, सगळं रेशमाने आवळायचं आणि गाठीवर मेण लावायचं. शिडावर होडी चालली की हे गळ दोरीला बांधून मागे सोडतात. पाण्यात पिसं पळतात, सुरमईला वाटतं बारीक मासा पळतोय, ती झडप घालते. आमिष नाही की काही नाही. मी म्हणायचे, "कोंबड्याच्या पिसाने मासा मारायचा, ही शुद्ध फसवणूक झाली." तो म्हणायचा, "आणि तू काल संध्याकाळचा बोंबील आज सकाळचा म्हणून विकतेस ते काय?" 

बोटं मात्र त्याची देवाने दिलेली. दुसरे लोकही गळ बांधायचे, पण काळू तांडेल आमच्याच गळावर जायचा. वाडीत कुणी विचारलं की काळू म्हणायचा, "चंदरचा पाय घरी आहे, बाकी सगळा चंदर होडीवर आहे." हे वाक्य आमच्या माणसाने मला निदान शंभर वेळा ऐकवलं असेल, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय असं ऐकवलं. मी कंटाळले होते, पण मला कळत होतं. त्या वाक्यावर तो जगत होता. ते गेलं असतं तर तो पुन्हा दारात बसून वारा सांगणारा झाला असता, आणि या वेळी मरेपर्यंत.

आता एक रीतही सांगून ठेवते. नवा गळ पहिला मासा पकडेपर्यंत त्याला बाईचा हात लागू द्यायचा नाही. लागला तर तो गळ वाया गेला म्हणत. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. केर काढताना त्याच्या बैठकीपासून हातभर लांबूनच झाडू फिरवायचे.

पिसं यायची तलासरीकडून. तिथल्या डोंगरातला लडक्या वारली हा त्याचा जुना दोस्त. दोघांची भेट वर्षातून एकदाच, चैत्रात, डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या जत्रेला. लडक्या पळसाच्या पानांत पिसं बांधून आणायचा, आम्ही सुके बोंबील न्यायचो. त्याला पावसाळाभर कालवणाची सोय आणि आम्हाला पावसाळाभर काम. आपलं राज्य गुजरातपासून वेगळं झालं त्याच्या आदल्या वर्षीची जत्रा. लडक्याने पुडा सोडला आणि आमच्या माणसाने एक पीस उचलून हात लांब केला. आणखी लांब केला. मान मागे नेली. लडक्या हसला. "दादा, पीस जवळ घे की. मेलेल्या कोंबड्याचं आहे, उडून नाही जायचं."

सगळे हसले, तोही हसला. पण मी बघत होते. त्याने निवडून बाजूला ठेवलेल्या पांढऱ्या पिसांत चार पिसं चांगलीच पिवळट होती.

मला तिथेच उलगडा झाला. दोन वर्षं हा माणूस घरात उजेड कमी आहे म्हणून माझं डोकं खात होता. आमचं घर कुडाचं, छप्पर खाली आलेलं. एका ठिकाणी कवडसा पडायचा, तिथे तो बसायचा आणि कवडसा सरकेल तसा सरकायचा. सकाळी चुलीजवळ, दुपारी दारापाशी. मग कवडसा पुरेना. मग अंगणात आरसा टेकवून उन्हाची तिरीप आत घ्यायची. ऊन हललं की मला हाक, "आरसा हलव गो." मी हातातली भाकरी टाकून आरसा हलवायचे. मग पांढरं पीस चुना लावलेल्या भिंतीवर दिसत नाही म्हणून माझ्या काळ्या लुगड्याचा तुकडा फाडून मागे टांगला. मग चिकूच्या वाडीतल्या एका बंगल्यावरून उडालेला बल्ब मागून आणला. त्याच्या बुडाचं पितळ काढून, आतली तार काढून, पाणी भरून तो आढ्याला टांगला. मागे कंदील ठेवला की पाण्यातून उजेड गोळा होऊन एका जागी रुपयाएवढा पडतो. हे त्याचं त्याने शोधलं होतं आणि खरंच बघण्यासारखं होतं. तरी कुरकुर चालूच. मी म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं." तो चिडायचा.

पण चैत्राच्या भर दुपारी, माळावर, जिथे डोळे मिटून घ्यावेसे वाटतात, तिथे कसला उजेड कमी? उजेड नव्हता कमी झाला. त्याचे जवळचे डोळे गेले होते, आणि हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. वाईट मला त्याचंच वाटलं. दोन वर्षं एका घरात राहून या माणसाने मला सांगितलं नाही.

चष्मा का नाही घेतला, म्हणाल. डहाणूला मिळत होता. पण चष्मा नाकावर बसतो, आणि नाक सगळ्या वाडीला दिसतं. गळ बांधणाऱ्याला दिसत नाही ही बातमी काळूपर्यंत पोचायला अर्धा दिवस लागला नसता.

तो लडक्याबरोबर ताडी प्यायला गेला तेव्हा मी बाजारात फिरले. फण्या-बांगड्यांच्या शेजारी एक सुरतेकडचा माणूस भिंगं विकत होता. "जो बेन," मला म्हणाला, "मच्छर पण हाथी जेवडो लागे." म्हटलं, हत्ती नको, मला मच्छर मच्छराएवढा दिसला तरी पुरे. कमरेला खोवलेली सगळी मोड आणि वर सुक्या बोंबलांची एक जुडी देऊन मी बशीएवढं भिंग घेतलं. माझ्या डोक्याने. कुणाला न विचारता.

घरी येऊन त्याच्यापुढे ठेवलं. त्याने आधी हातही लावला नाही. मला वाटलं, चिडला. मग त्याने ते उचलून स्वतःच्या अंगठ्यावर धरलं आणि बराच वेळ बघत राहिला. मग चटईची काडी बघितली. मग उठून मडक्यातलं चिमूटभर मीठ आणून तळहातावर घेतलं.

"चंद्रावती," तो म्हणाला, "मिठाचा दाणा चौकोनी असतो गो."

"मग काय करू?"

"बघ तरी."

मी बघितलं. खरंच चौकोनी होता. जन्म मिठात गेला आमचा, मासे खारवण्यात, आणि मला ते माहीत नव्हतं. त्या आठवड्यात त्याने मला माशीचा पाय दाखवला, माझ्या बांगडीवरचा चरा दाखवला, सुकटीचा डोळा दाखवला. जेवण करपलं तरी हाक यायची. मी ओरडत जायचे आणि बघायचे. इतका खुशीत मी त्याला पाय मोडल्यापासून पाहिला नव्हता, आणि मनात मी माझीच पाठ थोपटत होते.

नारळाच्या करवंटीत वाळू भरून, तिच्यात बांबूची चीप खोचून, चिपेच्या फटीत भिंग बसवून त्याने त्याला उभं केलं. दोन्ही हात मोकळे. पहिल्याच दिवशी दारातल्या उन्हात मांडून बसला आणि घरभर जळक्या पिसाचा वास. भिंगाने ऊन गोळा करून पिसालाच भोक पाडलं होतं. त्यानंतर उन्हात भिंग बंद. आणि पावसाळ्यात ऊन असतं कुठे? गळ बांधायचे दिवस तेच, होड्या वाळूवर असतात तेव्हाचे, आणि नेमकं तेव्हाच घरात भर दुपारी अंधार. मग कंदील, त्याच्यापुढे पाण्याचा बल्ब, त्या उजेडात चिमट्यात धरलेला गळ, आणि वर भिंग. असं सगळं मांडून तो आषाढ आणि अर्धा श्रावण बसून राहिला.

पूर्वी दिवसाला तीन गळ व्हायचे. आता तीन दिवसांत एक. भिंगातून त्याला सगळं दिसत होतं ना. पिसाचा एक केस बाहेर आला, काप. रेशमाचा एक वेढा दुसऱ्यावर चढला, सोड आणि परत गुंडाळ. पिसं दांडीला अशी चापून बसवलेली की कुठून सुरू झाली ते कळू नये. खोटं कशाला बोलू, गळ सुंदर झाले होते. नारळीपौर्णिमेच्या आधी काळू न्यायला आला तेव्हा त्याने एक हातात घेऊन फिरवून बघितला. "चंदर, हे गळ आहेत की दागिने?" आमच्या माणसाने भिंग केव्हाच पेटीत लपवलेलं. कानापर्यंत तोंड फाकलं होतं त्याचं.

पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ दिला, होड्या गेल्या. काळूच्या होडीला सुरमई नाही. दुसऱ्या फेरीला नाही. तिसऱ्या फेरीला शेजारच्या होडीने बायकांना उचलवेना इतकी सुरमई आणली, आणि काळूची होडी चार बांगडे घेऊन आली. काळू चांगला माणूस. म्हणाला, "पाणी अजून गढूळ आहे." शेजारच्या होडीला काय वेगळं पाणी होतं? पण आम्ही तिघांनी मान हलवली.

चौथ्या फेरीआधी काळू घरी आला. बसला, पान खाल्लं, लडक्याची चौकशी केली, पावसाची केली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "चंदर, गेल्या वर्षीचे पडलेत का रे काही?"

मी चुलीपाशी होते. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. गेल्या वर्षीचे म्हणजे दिसत नव्हतं तेव्हाचे. आमच्या माणसाने पेटीच्या तळातून सहा जुने गळ काढले, गंजाचे डाग पडलेले. एक तर पार कामातून गेलेला होता. काळूने पाच नेले.

त्या फेरीला त्याला सुरमई मिळाली. रिवाजाप्रमाणे एक मासा आमच्या घरी पाठवला. मी तळला, कालवण केलं. हा माणूस ताटासमोर बसून भिंतीकडे बघत होता. मासा निवला तरी हात लावला नाही. मला रडू यायच्या ऐवजी राग आला, माझं तसंच आहे. आणि राग करायचा तरी कुणावर? भिंग आणलं कुणी? आपलेच दात नि आपलेच ओठ.

"फेकून देते ते भिंग खाडीत," मी म्हटलं.

"फेक," तो म्हणाला. "दिसत नव्हतं तेव्हा मासा लागत होता. दिसायला लागलं तर लागत नाही. मग मला पुढे करायचं काय, ते तूच सांग."

हे तो ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. हळू म्हणाला. मला ते सहन होईना. मी उठले, त्या दागिन्यांतला एक गळ उचलला, बाईचा हात आणि काय ते सगळं विसरून, कोनाड्यातली दोरी त्याला बांधली आणि तरातरा खाडीवर गेले. भिंग नाही, हा गळच फेकणार होते. भरती चढत होती. मागून तो लंगडत बांधावर आला, मी गुडघाभर पाण्यात. फेकला गळ, पण दोरीचं टोक हातालाच गुंडाळलेलं, म्हणून ओढून परत घ्यायला लागले.

"थांब," तो बांधावरून म्हणाला. "तसाच परत ओढ."

"कशाला?"

"ओढ गो. मला दिसतोय."

मग माझ्या ध्यानात आलं. त्याचे जवळचे डोळे गेले होते, लांबचे शाबूत होते. बांधापासून पंचवीस पावलांवर पाण्याखालून जाणारा गळ त्याला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसत होता. त्याने मला तो कामातून गेलेला जुना गळ आणायला लावला. मी धावत जाऊन आणला, दोन्ही एका दोरीला बांधले आणि ओढले. एकदा, दोनदा, पाच वेळा. तो बांधावर उकिडवा बसला होता.

"नवा काडीसारखा जातो," तो म्हणाला. "जुना श्वास घेतो."

नंतर घरी बसून त्याने मला समजावलं. दिसत नव्हतं तेव्हा पिसं सैल राहायची, केस बाहेर यायचे. पाण्यात ते उघडायचे आणि मिटायचे. भिंगाखाली त्याने सगळं चापून बसवलं, केस कापले, आणि गळाचा जीवच कापला. भिंगातून बघितलं तर गळ चार बोटांवरून दिसतो. मासा तो तसा कधीच बघत नाही. "मी माझ्यासाठी बांधत होतो," तो म्हणाला. अति तिथे माती म्हणतात ते उगीच नाही, पण तेव्हा मी म्हण तोंडातच ठेवली.

भिंग फेकलं नाही. गाठ भिंगाखाली बांधायची, कारण गाठ सुटली तर मासाही जातो नि गळही. पिसं लावायच्या वेळी मात्र करवंटी बाजूला सारायची आणि जे करायचं ते बोटांनी. मग भरती आली की मी पाण्यात, तो बांधावर. प्रत्येक गळ मी ओढायचा, त्याने लांबून बघायचा. "ठीक" म्हणाला तर एका बाजूला, नाही म्हणाला तर सोडून परत बांधायचा. आठ-दहा दिवसांत मला दोरीवरूनच कळायला लागलं. चांगला गळ बोटांना हलकी थरथर देतो. तो बोलायच्या आधी मी सांगायचे.

आणि हे सगळं उघड्यावर. बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन जाताना थांबायच्या. "चंदरने बायकोलाच गळाला लावलंय," एकीने म्हटलं. मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याने तुला लावलं तर गळ वाकेल." पण काळूच्या आईनेही, विठाबाईने, बघितलं होतं, आणि तिने बघितलं म्हणजे काळूला कळलं. काळू पंधरा दिवस आमच्या दारावरून गेला, आत आला नाही. जुन्या पाचांतले तीन एव्हाना माशांनी तोडून नेले होते. तरी नाही आला.

मी म्हटलं, "मी नाही उतरत आता पाण्यात. माझ्या पायी तुमचं काम जाईल."

तो म्हणाला, "दोन वर्षं डोळे लपवले. आता तुला लपवू? मला कंटाळा आलाय."

आणि तो लंगडत वाळूवर गेला, चार माणसं जाळी सुकवत होती त्यांच्यासमोर उभा राहिला आणि काळूला म्हणाला, "माझे जवळचे डोळे गेले. गळ ही ओढते तेव्हा मला कळतो. तिच्या हाताशिवाय माझ्याकडे गळ नाही. हवे असतील तर असे आहेत."

मी मागे उभी होते. मला त्याचा फार अभिमान वाटला. काळू वाळूतली दोरी गुंडाळायला लागला.  बोलली ती विठाबाई, वाळूत बसून सुकट निवडता निवडता. "मासा लागला की तो विकायला बाई चालते. लागायच्या आधी तेवढी चालत नाही होय रे?"

काळू निघून गेला.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी काळू आला. आमच्या माणसाने बारा गळ फडक्यावर मांडून ठेवलेले, रोज मांडायचाच. काळू त्याच्याशी बोलला, पान खाल्लं, आणि मग माझ्याकडे वळला.

"वयनी, यातले कुठले चालतात ते तू सांग."

वरोरच्या तांडेलाने बाईला गळाचं विचारलं होतं.  मी खाली बसले आणि एकेक उचलून देत गेले. अकरा दिले. बारावा उचलला आणि माझा हात थांबला. अकरा मी पाण्यात ओढले होते. हा मी कधी ओढलाच नव्हता. हा भिंगाखालचा होता, दागिन्यांतला, एकही केस बाहेर नसलेला. हा माणूस तो गुपचूप मध्ये ठेवून बसला होता.

मी त्याच्याकडे बघितलं. तो छपराकडे बघत होता.

मी मूठ मिटली. "अकराच आहेत," मी काळूला म्हटलं. "बारावा नंतर देते."

काळू गेल्यावर मी मूठ उघडून त्याच्यासमोर धरली. "हे काय आहे? पंधरा दिवस पाण्यात उभी राहून माझे पाय कुजले, वाडीचं बोलणं खाल्लं, आणि तुम्ही हे घुसवता? याला मासा लागला नाही की काळू म्हणणार, बाईचाच हात."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"मग पिसं सैल करा याची."

"नाही करणार." मग म्हणाला, "इतकं नीट मी जन्मात काही केलं नाही, चंद्रावती. एकदा तरी समुद्रात जाऊ दे म्हटलं."

मी भांडी घासायला गेले. भांडी दोनदा घासली.

दुसऱ्या दिवशी होड्या निघताना मी वाळूवर गेले आणि तो गळ काळूच्या हातात दिला. "हाही सोड."

काळूने ओळखला. "वयनी, याला नाही लागायचं काही."

"मला माहीत आहे. तू सोड."

काळूने माझ्याकडे बघितलं, मग बांधावर उभ्या असलेल्या आमच्या माणसाकडे बघितलं, आणि तो गळ एका वेगळ्या दोरीला एकटाच बांधला.

होडी तिसऱ्या दिवशी दुपारी आली. अकरांनी काम केलं होतं. सुरमई उतरवायला सहा बायका लागल्या. काळूने वेगळ्या दोरीचा गळ सोडून माझ्या हातावर ठेवला. जसा गेला तसा आला होता, एक पीस हललेलं नाही. मी तो ओच्यात खोवला, पाटी भरली आणि वर निघाले.

हा माणूस बांधावर थांबला होता, माझ्यापासून असाच वीस-पंचवीस पावलांवर. माशांचं त्याने काही विचारलं नाही. ते त्याला दिसतच होते.

"माझ्या त्याला?" तो म्हणाला.

बाजारात मी जन्मभर खोटं बोलले. घरात कधी बोलले नव्हते.

"लागली होती," मी म्हटलं. "होडीपर्यंत आली आणि सुटली."

त्याने होडीकडे बघितलं. मग विचारलं, "केवढी होती?"

मी डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरता येतील तेवढे पसरून त्याला दाखवलं.